सरूच्या सावलीतले चार रविवार

जळगावात बळीराम पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक छोटेसे बालवाचनालय चालते. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या वाचनालयाने सलग चार रविवार इराणची चित्रपुस्तके आणि इराणचे ॲनिमेशनपट मुलांना व पालकांना दाखवले. मुलासाठी चारही रविवारांचे मिळून 200 रुपये आणि सोबतच्या मोठ्या माणसासाठी 50 रुपये एवढेच शुल्क होते. मी अमळनेरला तीस वर्षे चित्रकला शिकवली आहे. सुट्टीत माझ्याकडे आलेल्या नऊ वर्षांच्या नातीला घेऊन मी चारही रविवारी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो आणि पारा 44 अंशांवर असताना दुपारी परतलो. एवढा त्रास घेण्यासारखे तेथे काही होते का, याचे उत्तर सुरुवातीलाच देतो: होते, आणि पुढच्या वेळी मी शेजारच्या मुलांनाही नेणार आहे. तरीही या उपक्रमात एक मोठी चूक झाली. इराणची चित्रकथा मुलांना ज्या कारणासाठी दाखवावी, नेमक्या त्याच कारणाच्या मुळावर ती चूक येत होती, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

पहिल्या रविवारी पडद्यावर काही लावण्याआधी प्रत्येक मुलाच्या हाती कागदाची एक पट्टी आणि स्टीलचा एक पेला देण्यात आला. पट्टीवर ओळीने पाच चित्रे होती: एक रानबोकड झाडाकडे येतो, उडी घेतो आणि पाला तोंडात धरतो. ती पट्टी पेल्याभोवती गुंडाळून पेला फिरवायचा होता. इराणच्या आग्नेय भागात, सिस्तान-बलुचिस्तान प्रांतात, शहर-ए-सोख्ता म्हणजे ‘जळालेले शहर’ नावाची प्राचीन वसाहत आहे. तिथल्या उत्खननात 1970 च्या दशकात इटालियन पुरातत्त्वज्ञांना मातीचे एक पात्र सापडले होते, आणि त्या पात्रावर हीच पाच चित्रे काढलेली आहेत. पात्र सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे आहे. ती पाच वेगळी चित्रे नसून एकाच उडीचे पाच क्षण आहेत, हे पुढे इराणी संशोधकांच्या लक्षात आले. त्या जागेला 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. ही माहिती आयोजकांनी मुलांना नंतर सांगितली, आधी पेला फिरवू दिला, आणि हा क्रम मला फार योग्य वाटला. बांधावरच्या बाभळीच्या शेंगांसाठी मागच्या दोन पायांवर उभी राहणारी शेळी आमच्या भागातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेली असते, त्यामुळे पेला फिरताच सगळ्यांना ओळख पटली. चित्र हलते तेव्हा नेमके काय घडते, हे वर्गात फळ्यावर समजावण्यासाठी मी अनेक वर्षे खटपट केली होती. इथे ते दोन मिनिटांत, कोणी काही न शिकवता मुलांना उमगले.

त्यानंतर समद बेहरंगी यांच्या छोट्या काळ्या माशाची गोष्ट वाचण्यात आली. फर्शिद मेसघाली यांनी चित्रे काढलेले हे पुस्तक 1968 मध्ये तेहरानमध्ये प्रसिद्ध झाले. वाचनालयाकडे त्याची लंडनहून प्रकाशित झालेली इंग्रजी आवृत्ती होती. एक स्वयंसेविका पानामागून पान दाखवत मराठीत गोष्ट सांगत होती. हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्री समुद्राच्या तळाशी एक म्हातारी मासोळी आपल्या बारा हजार मुला-नातवंडांना जमवून गोष्ट सांगते, अशी सुरुवात आहे. गोष्टीतला छोटा काळा मासा आईबरोबर एका ओढ्यात राहतो. हा ओढा पुढे कुठे संपतो, एवढाच त्याचा प्रश्न असतो, पण तो प्रश्न ऐकून आई घाबरते, शेजारपाजारचे मासे आईलाच बोल लावतात, आणि शेवटी मासा एकटाच निघतो. वाटेत स्वतःच्या छोट्याशा डबक्याचा गर्व वाहणारे बेडकांचे पिल्लू भेटते, माशांना चोचीखालच्या पिशवीत धरून ठेवणारा पाणकोळी भेटतो, आणि समुद्राला पोहोचल्यावर मासा परत येत नाही. म्हातारीची गोष्ट संपते तेव्हा अकरा हजार नऊशे नव्व्याण्णव पिल्ले झोपी जातात आणि एका लाल मासोळीला मात्र झोप येत नाही.

मेसघाली यांच्या चित्रांविषयी चित्रकलेचा शिक्षक म्हणून चार शब्द अधिक लिहायला हवेत. त्यांचा मासा गोंडस नाही. डोळे मोठे करून, गाल फुगवून आणि ओठांवर हसू चिकटवून प्राणी ‘मुलांसाठी’ करण्याची जी सवय आपल्या बहुतेक बालपुस्तकांना लागली आहे, तिचा इथे मागमूसही नाही. मासा ठशाने उमटवल्यासारखा ठसठशीत काळा आहे, पाण्याला खरबरीत पोत आहे, आणि पानावर कितीतरी जागा मोकळी सोडलेली आहे. त्या मोकळ्या जागेमुळे मासा किती लहान आणि पाणी किती मोठे, हे एकही शब्द न वाचता कळते. या चित्रांना 1969 मध्ये बोलोन्या आणि ब्रातिस्लाव्हा या दोन्ही ठिकाणी पारितोषिके मिळाली, आणि 1974 मध्ये मेसघाली यांना बालसाहित्यातल्या चित्रकारासाठी असलेला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार देण्यात आला. फारसीत काळ्याला ‘सियाह’ म्हणतात आणि आपली ‘शाई’ त्याच शब्दातून आलेली आहे, हे मी मध्यंतरात नातीला सांगितले, तेव्हा तिने पुन्हा पुस्तकाजवळ जाऊन तो मासा बोटाने चाचपून पाहिला.

गोष्ट संपल्यावर आयोजकांनी ‘तात्पर्य काय’ असे विचारले नाही. काही वेळ कोणीच बोलले नाही, आणि मग चोपड्याकडून आलेला एक मुलगा एकदम म्हणाला, “आपली तापीमा तो मासा समुद्रलोंग जाऊच शकाव नई, मधमा हतनूरनं धरन शे ना!” सगळे हसले, पण तो गंभीर होता, आणि त्याचे म्हणणे खरेही होते. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे मुले धरणाच्या भिंतीपलीकडे मासा कसा जाईल यावर वाद घालत राहिली, आणि बहुतेक वाद अहिराणीत झाला. शाळेत प्रमाण मराठीत उत्तर द्यायचे म्हटले की जी मुले मान खाली घालतात, तीच मुले तेथे सर्वांत पुढे होती.

बेहरंगी यांच्याविषयी या ठिकाणी थोडे सांगायला हवे होते आणि ते सांगितले गेले नाही, ही मला उणीव वाटली. तबरीझमध्ये 1939 साली जन्मलेले बेहरंगी इराणच्या अझरबैजान भागातल्या खेड्यांत शिक्षक होते. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या घरची भाषा अझरी तुर्की होती आणि शाळेची पुस्तके फारसीत होती. शहरात बसून लिहिलेली पाठ्यपुस्तके खेड्यातल्या मुलांच्या जगण्याला कुठेच भिडत नाहीत, हे ते पोटतिडकीने मांडत राहिले, आणि त्याच मुलांच्या आजी-आजोबांकडून त्यांनी लोककथा गोळा केल्या. ज्या वर्षी हे पुस्तक आले त्याच वर्षी अरस नदीत बुडून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे 29 वर्षांचे होते. प्रताप हायस्कुलात शिकवताना मुलांसाठी लिहिणाऱ्या साने गुरुजींच्या गावातून मी येतो, त्यामुळे खेड्यातल्या मुलांचा शिक्षक आणि मुलांचा लेखक हे एकाच माणसात असणे काय असते, याची कल्पना मला आणि माझ्या पिढीतल्या अमळनेरकरांना सहज येते. अहिराणी बोलणाऱ्या मुलांना अझरी बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकाची ओळख करून देण्याची इतकी स्वाभाविक संधी क्वचितच मिळते. पुढच्या वेळी आयोजकांनी ती दवडू नये.

ते पुस्तक काढणाऱ्या संस्थेची माहिती मात्र व्यवस्थित दिली गेली. तेहरानमध्ये 1965 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे नाव लांबलचक आहे. बालकांच्या आणि कुमारांच्या बौद्धिक विकासासाठीची संस्था असा त्याचा अर्थ आहे, पण सगळे तिला ‘कानून’ म्हणतात. आपल्या ओळखीच्या, कायदा या अर्थाच्या ‘कानून’शी त्या नावाचा संबंध नाही, फारसीत तो वेगळ्या अक्षराने लिहिला जाणारा, केंद्र किंवा चूल या अर्थाचा निराळा शब्द आहे. या संस्थेने आधी मुलांची वाचनालये उभारली, खेड्यांपर्यंत फिरती वाचनालये नेली, मग त्या वाचनालयांसाठी पुस्तके काढली आणि त्यानंतर चित्रपट विभाग सुरू केला. अब्बास किआरोस्तामी यांनी आपला पहिला लघुपट 1970 मध्ये इथेच केला. वाचनालयातून पुस्तक, पुस्तकातून चित्र आणि चित्रातून चित्रपट असा हा प्रवास झाला असल्यामुळे इराणच्या ॲनिमेशनपटांत पुस्तकाचे पान अजूनही दिसते, असे मला चारही रविवार पाहिल्यावर वाटले. तिथले अनेक दिग्दर्शक आधी चित्रकार आहेत. बेल्जियममध्ये राऊल सर्व्हे यांच्याकडे शिकून आलेले नूरुद्दीन झर्रीनकल्क, ज्यांना इराणी ॲनिमेशनचे जनक मानले जाते, तेही आधी पुस्तकांची चित्रे काढणारे चित्रकार होते. त्यांचा 1975 चा एक लहानसा चित्रपट चौथ्या रविवारी दाखवला. जगाच्या नकाशातल्या देशांच्या आकृत्या त्यात जनावरे होतात आणि एकमेकांवर तुटून पडतात. भूगोलाच्या शिक्षकांनी तो अवश्य पाहावा.

दुसरा रविवार शाहनाम्याचा होता. फिर्दौसीने साधारण 1010 च्या सुमारास पुरे केलेल्या, पन्नास हजारांच्या आसपास द्विपदी असलेल्या या महाकाव्यातली झालची कथा अली अकबर सादेगी यांनी 1977 मध्ये ॲनिमेशनमध्ये आणली. सामच्या घरी पांढऱ्या केसांचे मूल जन्मते, लोक काय म्हणतील या भीतीने बाप त्याला एल्बुर्झ पर्वतावर टाकून येतो, आणि सीमुर्ग नावाचा महाकाय पक्षी त्याला आपल्या पिल्लांबरोबर वाढवतो. पुढे पश्चात्ताप पावलेला बाप मुलाला न्यायला येतो, तेव्हा सीमुर्ग झालला स्वतःचे पीस देतो आणि संकटात ते जाळ म्हणून सांगतो. सादेगी यांनी ही कथा लघुचित्रांच्या आणि चहा-कॉफीच्या जुन्या दुकानांतून लावल्या जाणाऱ्या इराणी लोकचित्रांच्या शैलीत रंगवली आहे, त्यामुळे माणसे जणू भिंतीवरून उतरून चालू लागतात. छाया नाहीत, खोली नाही, रंग मात्र काठोकाठ भरलेले. संगणकावर गुळगुळीत केलेली चित्रे पाहण्याची सवय झालेल्या मुलांना सुरुवातीची पाच मिनिटे जड गेली, हे मान्य करायला हवे. दोन मुले तर उठून पाणी प्यायला गेली. सीमुर्ग आल्यावर मात्र सगळे जागेवर बसले.

या चित्रपटाआधी पडद्यावर इराणमधल्या कथनकाराची छायाचित्रे दाखवली. मोठ्या कापडावर शाहनाम्याचे प्रसंग रंगवलेले असतात, कथनकार हातातल्या काठीने एकेक प्रसंग दाखवत, आवाज चढवत-उतरवत कथा सांगतो. या कथनकाराला नक्काल म्हणतात, आणि त्याची कला 2011 मध्ये युनेस्कोने तातडीने जपायला हव्यात अशा परंपरांच्या यादीत घेतली. आयोजकांनी त्याशेजारी पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी दाखवली, ते योग्यच होते. पण कोकणापर्यंत जाण्याआधी त्यांनी बऱ्हाणपूरला थांबायला हवे होते. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असली, तरी भुसावळहून ती फार लांब नाही. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या ताब्यात गेला आणि खानदेश मोगली सुभा झाला. त्यानंतर बऱ्हाणपूरला दीर्घकाळ राहिलेल्या अब्दुर्रहीम खानखानानच्या पदरी चित्रकार होते आणि त्याने रामायणाची सचित्र फारसी प्रत करवून घेतली होती. त्याच्या आधीच्या पिढीत, इराणहून आलेल्या मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या चित्रकारांच्या देखरेखीखाली अकबरासाठी अमीर हम्झाच्या पराक्रमकथांचा सचित्र ग्रंथ, हम्झानामा, तयार झाला होता. कापडावर काढलेली सुमारे 1400 मोठी चित्रे, मागच्या बाजूला मजकूर, आणि पंधराएक वर्षांचे काम. चित्र श्रोत्यांना दाखवत कथा सांगावी अशीच ती रचना आहे. त्या अमीर हम्झाच्या कथेवर झर्रीनकल्क यांनी 1977 मध्ये ॲनिमेशनपटही केला. म्हणजे इराणची चित्रकथा जळगावात आली ती पाहुणी म्हणून नव्हे; तिची वाट याच मुलखातून गेलेली आहे, आणि खानदेशातल्या मुलांना ते खानदेशातच सांगितले गेले पाहिजे.

आता तिसऱ्या रविवाराकडे येतो. त्या दिवशी हुसेन मोलायमी आणि शिरीन सोहानी यांचा, फारसीत ‘दर साये-ए-सर्व’ म्हणजे ‘सरूच्या सावलीत’ असे नाव असलेला लघुपट दाखवण्यात आला. सुमारे वीस मिनिटांचा, हाताने काढलेला, एकही संवाद नसलेला हा चित्रपट कानूनमध्येच तयार झाला. मार्च 2025 मध्ये त्याला ॲनिमेटेड लघुपटाचा ऑस्कर मिळाला, आणि हा मान मिळवणारा तो पहिला इराणी ॲनिमेशनपट ठरला. दोघा दिग्दर्शकांना व्हिसा अगदी शेवटच्या क्षणी मिळाला आणि ते समारंभाच्या काही तास आधी अमेरिकेत पोहोचले, ही हकीकत तेव्हा वर्तमानपत्रांतून आलीच होती. आपण ज्याला सरू किंवा सुरू म्हणतो तो शब्द याच ‘सर्व’पासून आलेला आहे. इराणी कवितेत आणि गालिच्यांवर हे झाड ताठ उभे असते, आणि अनेक अभ्यासकांच्या मते आपल्या साड्यांच्या पदरावरची कोयरी म्हणजे मुळात वाऱ्याने शेंडा वाकलेले सरूचे झाड आहे.

समुद्रकिनाऱ्यावरच्या एका घरात जहाजाचा एक निवृत्त कप्तान आपल्या मुलीबरोबर राहतो. युद्धाच्या आठवणींनी त्याचे मन मोडलेले आहे. एखाद्या आवाजाने, एखाद्या वस्तूने त्याला तो काळ पुन्हा दिसू लागतो आणि तो स्वतःच्या ताब्यात राहत नाही. मुलगी घर सोडून जायला निघते, आणि त्याच वेळी किनाऱ्यावर एक देवमासा येऊन अडकतो. पुढे काय होते ते मी सांगणार नाही. या चित्रपटातली रेषा अत्यंत मोजकी आहे. चेहऱ्यावर दोन-तीन रेषांपलीकडे काही नाही, आकाश आणि वाळू यांचे सपाट रंग आहेत, आणि माणसाची मनःस्थिती बदलली की त्याच्या देहाची आकृतीच बदलते. शब्दांत ‘त्याला मानसिक आघात झाला आहे’ असे लिहिले असते तर नऊ वर्षांच्या मुलीला काय कळले असते? चित्रात तिला सगळे कळले.

किंवा कळले असते, असे म्हणायला हवे, कारण इथेच ती चूक झाली. चित्रपट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एक स्वयंसेवक ध्वनिक्षेपकावरून मराठीत समजावून सांगत होता: आता वडिलांना युद्ध आठवले, आता मुलीला वाईट वाटले, आता ती देवमाशावर पाणी ओतते आहे. त्याचा हेतू चांगला होता, उच्चार स्वच्छ होते आणि त्याने तयारीही केलेली होती. मात्र ज्या दिग्दर्शकांनी वीस मिनिटांत एकही शब्द उच्चारू दिला नाही, त्यांच्या चित्रपटावर प्रत्येक दहा सेकंदांनी शब्द टाकणे म्हणजे सुगरणीने मुद्दाम अळणी ठेवलेल्या पदार्थावर पंगतीत वाढप्याने मीठ भुरभुरण्यासारखे आहे. लाटांचा आवाज, वाऱ्याचा आवाज, दार आपटल्याचा आवाज, हे सगळे त्या निवेदनाखाली दबून गेले. त्याहूनही वाईट म्हणजे मुलांनी पडद्याकडे पाहून स्वतः अंदाज बांधणे थांबवले आणि पुढचे वाक्य कधी येते याची वाट पाहू लागली. पहिल्या रविवारी माशाच्या गोष्टीनंतर धरणावरून भांडणारी हीच मुले त्या दिवशी चित्रपट संपल्यावर गप्प होती. ती शांतता विचारांची नव्हती. कोणी तरी त्यांच्या वतीने सगळे आधीच बोलून टाकले होते.

संवादरहित चित्रपटाचे मोल खानदेशात विशेष आहे, म्हणून मी याबाबतीत इतका आग्रही आहे. त्या सभागृहात प्रमाण मराठी घरी बोलणारी मुले होती, अहिराणी बोलणारी होती, उर्दू शाळेतून आलेली तीन भावंडे होती, आणि शिरपूरकडची, घरी पावरी बोलणारी एक मुलगीही होती. निःशब्द चित्रपटासमोर ही सगळी मुले एका ओळीत बसतात. कोणाची भाषा पुढे नाही, कोणाची मागे नाही. निवेदन सुरू झाले की त्या क्षणी मराठी पुस्तकी भाषेत पारंगत असलेले मूल पुढे जाते आणि उरलेली मागे सरकतात. बेहरंगी ज्या अडचणीशी आयुष्यभर झगडले तीच अडचण, त्यांच्याच देशाच्या चित्रपटावर, आपण आपल्या हाताने आणून ठेवली.

चित्रपट संपल्यावर मी हे आयोजकांना सांगितले, आणि त्यांनी ते मनापासून ऐकून घेतले. चौथ्या रविवारी तोच लघुपट निवेदनाशिवाय पुन्हा दाखवू, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

तिसऱ्या रविवारी दाखवलेला दुसरा लघुपट यगाने मोगद्दम यांचा होता. 2024 मध्ये ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या या सात मिनिटांच्या चित्रपटात एक इराणी मुलगी आपल्या जुन्या गणवेशाच्या घड्यांमधून शाळेचे दिवस आठवते, आणि सगळी चित्रे खऱ्या कापडावर हलतात. तो मोठ्या मुलींसाठी अधिक योग्य आहे. प्रताप मिलच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला मात्र कापडाची वीण हीच जमीन, शिवण हाच रस्ता असे पाहणे फार सुखाचे वाटले. मारजान सातरापी यांची फ्रेंच भाषेतली चित्रकादंबरी आणि तिच्यावरचा, 2007 मध्ये कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालेला चित्रपट यांचा उल्लेख फक्त पालकांसमोर झाला, चित्रपट दाखवला गेला नाही. लहान मुलांच्या उपक्रमात तो निर्णय बरोबर होता. महाविद्यालयीन मुलांसाठी स्वतंत्र सत्र ठेवले, तर मी त्यालाही येईन.

व्यवस्थेविषयी लिहायचे तर जिना अरुंद आणि अंधारा आहे, वयस्कर माणसांनी कठड्याला धरून चढावे. दोन कूलर होते, पण खिडकीजवळच्या रांगेला त्यांचा उपयोग होत नव्हता. पडद्यावर उजव्या कोपऱ्यात उन्हाची तिरीप येत होती आणि दुसऱ्या रविवारी सीमुर्गाचे अर्धे पंख तिच्यात विरून गेले. जाड पडद्याने हे सहज टळेल. मठ्ठा आणि लिंबू सरबत शुल्कातच होते. वाटलेल्या माहितीपत्रकात इराणी नावे तीन ठिकाणी तीन प्रकारे छापली होती, ती एकदा नीट ठरवून घ्यावीत. चित्रपुस्तके काचेच्या कपाटात होती आणि स्वयंसेविकेच्या देखरेखीखालीच हाताळता येत होती. परदेशातून आणलेल्या पुस्तकांची काळजी समजते, परंतु चित्रपुस्तक मांडीवर घेऊन, मागेपुढे पाने उलटूनच वाचावे लागते. निदान दोन प्रती मुलांच्या हाती मोकळ्या द्याव्यात, आणि त्या फाटतील हे गृहीत धरावे. विक्रीसाठी एकही पुस्तक नव्हते. अनेक पालक त्याबद्दल विचारत होते.

चौथ्या रविवारी, नकाशाच्या चित्रपटानंतर, कप्तानाचा आणि त्याच्या मुलीचा चित्रपट पुन्हा लागला. या वेळी कोणी बोलले नाही. खिडकीला कोणीतरी सतरंजी लावली होती, त्यामुळे पडदा स्वच्छ दिसत होता, आणि लाटांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. मुलगी बादलीने पाणी आणू लागली तेव्हा मागून एक हळू आवाज आला, “त्याले पानी जोयजे,” आणि लगेच कोणीतरी त्याला गप्प केले. माझी नात पूर्ण वेळ गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. दिवे लागल्यावर आयोजकांनी कागद आणि खडू वाटले आणि काय काढायचे ते सांगितले नाही. पावरी बोलणाऱ्या त्या मुलीने फक्त समुद्र काढला, पूर्ण कागदभर, आणि तळाला एक बारीक काळी रेघ. चोपड्याच्या मुलाने कप्तान काढला, आणि हा इतका का रागावला आहे असे स्वयंसेविकेने विचारल्यावर तो म्हणाला, “तो तिनावर नई, सोतावर चिडेल शे.” ज्या स्वयंसेवकाने आधीच्या रविवारी निवेदन केले होते, तो शेजारीच उभा होता, त्याने वाकून ते चित्र बराच वेळ पाहिले.

दिवाळीच्या सुट्टीत असाच उपक्रम पुन्हा होणार असून नावनोंदणी वाचनालयात सायंकाळी पाच ते सात या वेळेत होते. आठ वर्षांखालच्या मुलांना शाहनाम्याच्या रविवारी आणू नये, उरलेले तीन रविवार त्यांना चालतील. मी पाच नावे दिली आहेत.